काडीचं माप

वाऱ्याने मालकांच्या गोठ्याचं छप्पर उचललं आणि ओढ्यापलीकडे नेऊन आपटलं, तेव्हा गावाला आधी गाईंची काळजी वाटली आणि मग वैरणीची. गाई सुखरूप होत्या. वैरणीचे भारे मात्र उघड्यावर पडले होते आणि पावसाळा तोंडावर आला होता. एवढं मोठं छप्पर लाकडात उभं करणारा माणूस आसपास एकच उरला होता, आणि त्याच्या बायकोला काळजी वाटली ती त्याची एकट्याची.

मिस्त्रीने पन्नाशी कधीच ओलांडली होती. केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, आणि काही वर्षांपूर्वी साखरेने रक्तात बिऱ्हाड केलं होतं. पण उंचावर चढला की गडी तरणा व्हायचा. जमिनीवर तो बायकोशी, शेजाऱ्यांशी, फार काय कोंबड्यांशीही भांडायचा. वर वाशावर मांड ठोकून बसला की शीळ घालायचा. मिस्त्रीण म्हणायची, "यांना जन्मभर वरच ठेवलं असतं तर माझा संसार सोन्याचा झाला असता."

मालक दारात आले ते घाईतच. "मिस्त्री, तुम्ही करताय की पत्रेवाल्यांना सांगू? लोखंडी सांगाडा बघता बघता उभा करतात म्हणे."

"करू द्या की," मिस्त्री म्हणाला. "उन्हाळ्यात गाई भाजून निघाल्या की मग माझ्याकडे या."

"तसं नाही हो. पण तुमची तब्येत..."

"माझ्या तब्येतीचं छप्पर शाबूत आहे, मालक. वैरण भिजायच्या आत तुमचं आढं चढवतो. नाही चढवलं तर बोलवा पत्रेवाले."

आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरची आडवी तुळई. ती बसली की छप्पर झालंच म्हणायचं. मालक गेले आणि मिस्त्री करवतीला कानस लावायला बसला. मिस्त्रीण आतून सगळं ऐकत होती. बोलून उपयोग नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची तिला सवय होती, पण रोज रोज कोण ओतणार?

मिस्त्रीची कामाची रीत बापाकडून आलेली. त्याच्या हातात मोजायची फीत कुणी कधी पाहिली नाही. दाराची उंची असो की खिडकीची रुंदी, तो एक सरळ काठी लावायचा, पटाशीने तिच्यावर खूण करायचा आणि तीच खूण लाकडावर उतरवायचा. मधे आकडा यायचाच नाही. त्याचा जोडीदार लंब्या, नावाप्रमाणेच ताडमाड, खिशात पोलादी फीत बाळगायचा. ती सर्रकन बाहेर आली की मिस्त्रीच्या कपाळाला आठी. "ठेव तो साप आत. आकडा एका कानातून येतो आणि दुसऱ्यातून जातो. काठीवरची खूण कुठे जात नाही."

आता अशा माणसाच्या घरात इन्सुलिन आलं तर ते कसं मोजणार? काडीनेच. पहिल्या वेळी दवाखान्यातल्या सिस्टरनी टोचायच्या नळीवर वीसच्या रेघेशी शाईची खूण करून दिली होती: रोज सकाळी जेवणाआधी औषध इथपर्यंत ओढायचं. घरी येऊन मिस्त्रीने बांबूची काडी तासली, नळीला लावली, खुणेशी बरोबर छाटली आणि बायकोच्या हातात ठेवली. "घे. आता नळ्या कितीही येऊ देत, माप हे."

मिस्त्रीणही त्याच मातीची. तोंडाने शंभरापर्यंत म्हणायची, सुटा आकडा ओळखायची, पण दोन-तीन आकडे शेजारी शेजारी बसले की ती त्यांना एकमेकांना न ओळखणारी माणसं समजायची. काडी मात्र तिला लगेच उमगली. आजवर सगळं बिनबोभाट चाललं होतं. दवाखान्याने रक्तातली साखर बघायचं छोटं यंत्रही दिलं होतं. मोडेल म्हणून ते कपाटात चांगल्या कपड्यांखाली जपून ठेवलेलं होतं.

छपराचं काम सुरू झालं त्याच सुमाराला नळ्यांचं पाकीट संपलं. नवं आणायला ती दवाखान्यात गेली तर रांग दारापर्यंत. सिस्टर पाकीट देता देता म्हणाल्या, "या नळ्या दुसऱ्या आल्यात हां. पण तुम्ही वीसच घ्यायचं. वीसच्या रेघेपर्यंत. कळलं ना?"

मिस्त्रिणीने मान हलवली. मागे तापाने फणफणलेली पोरं रडत होती, पुढची बाई ढकलत होती. कळलं नाही असं म्हणायला जे धाडस लागतं ते सकाळच्या रांगेत भल्याभल्यांना होत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पाकीट फोडलं. "अहो, ही जाड आहे."

मिस्त्री सदरा वर करून खाटेवर बसला होता. पटाशी लागून अंगठा फुटला तर तो चिंधी गुंडाळून काम चालू ठेवायचा, पण सुई बघायची त्याची छाती नव्हती. डोळे गच्च मिटून तो म्हणाला, "सुई जाड?"

"सुई नाही हो. नळी. अंगाने जाड आहे."

"काडी तीच ना?"

"काडी तीच."

"मग लांबी तीच, माप तेच. खोच लवकर. लंब्या येऊन फीत काढून बसला असेल."

तिने काडी लावली, औषध तिथवर ओढलं आणि टोचलं. बाटलीतलं पाणी नेहमीपेक्षा जास्त उतरलंय असं तिला उगाच वाटलं. उगाच वाटलं असं तिने स्वतःलाच सांगितलं, आणि चूल पेटवायला गेली.

तेव्हापासून मिस्त्रीचं काहीतरी बिनसलं. दुपारी मिस्त्रीण डबा घेऊन गेली की तो खाली उतरून डब्यावर तुटून पडायचा. पोटात खड्डा पडलाय म्हणायचा. एकदा त्याने लंब्याला लाकूड ठोकायची मोगरी फेकून मारली, का ते नंतर त्यालाच सांगता येईना. घरी आला की अंगातून घामाचा वास, सदरा ओला पिळून काढावा असा. "ऊन फार आहे," तो म्हणायचा. ऊन तर होतंच, पण असलं ऊन त्याने जन्मभर अंगावर घेतलं होतं. लंब्या तिला हळूच म्हणाला, "वहिनी, काल वर बसल्या बसल्या माझ्याकडे असे बघत होते, की मी कोण आणि तिथं कसा आलो."

"म्हातारे झालेत," मिस्त्रीण म्हणाली आणि डबा भरताना दोन घास जास्त घातले. तिला तेवढंच सुचलं.

मग तो दिवस आला. ती गोठ्याच्या आवारात शिरली तेव्हा मिस्त्री भिंतीच्या माथ्यावर बसला होता. गार वारा सुटला होता आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हातातला हातोडा तो गुडघ्यावर आपटत होता, खिळा नव्हताच.

"अहो, या खाली. जेवून घ्या."

त्याने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फार सभ्यपणे म्हणाला, "कोण पाहिजे तुम्हाला?"

लग्न झाल्यापासून त्याने तिला एकदाही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिने डबा खाली टाकला. ती लंब्याला हाक मारणार एवढ्यात मिस्त्री बसल्या जागी कलंडला आणि भिंतीवरून खाली आला. नशीब थोर, म्हणून खाली वैरणीचे भारे रचलेले होते. तो त्यांच्यात रुतला आणि तिथेच थरथरत पडला.

मालक धावत आले. गडीमाणसं जमली. मालकांनी वाकून बघितलं आणि नाक मुरडलं. "दिवसाढवळ्या घेऊन आलाय वाटतं."

"थेंब नाही घेतला त्यांनी आयुष्यात!" मिस्त्रीण अशी ओरडली की मालक दोन पावलं मागे सरले. "गाडी काढा तुमची!"

दुधाच्या गाडीत रिकाम्या कॅनांच्या मधे त्याला आडवा घातला. लंब्याने पाय धरले, तिने डोकं मांडीवर घेतलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला कॅन वाजत होते आणि ती त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवत होती. चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं.

सिस्टरनी बोटाला टोचून थेंब घेतला, यंत्र बघितलं आणि पळापळ झाली. "साखर बेचाळीस!" शिरेतून साखर गेली आणि थोड्या वेळाने मिस्त्रीने डोळे उघडले. इकडेतिकडे बघून म्हणाला, "अगं, माझा हातोडा कुठाय?" त्या 'अगं'ने मिस्त्रिणीच्या जिवात जीव आला.

"औषध किती घेता?" सिस्टरनी विचारलं.

"मापाने," मिस्त्री पडल्या पडल्या म्हणाला.

"हो, पण किती?"

मिस्त्रिणीने पिशवीतून नवी नळी काढली, रुमालाची गाठ सोडली आणि काडी सिस्टरच्या हातावर ठेवली. बाकावर बसलेल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. "सुताराला औषधसुद्धा फूटपट्टीने!" बाकीचेही हसले. मिस्त्रिणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी काडी जाड नळीला लावून बघितली आणि जवळच्या स्टुलावर बसल्या. "चाळीसवर जातेय. वीसच्या जागी चाळीस घेत होतात तुम्ही." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझंही चुकलं. नळी बदलून दिली तेव्हा तुम्हाला समोर भरून दाखवायला सांगायला हवं होतं."

मिस्त्रिणीला एवढंच ऐकू आलं: वीसच्या जागी चाळीस. रोज सकाळी दामटून. आणि टोचणारा हात कुणाचा?

निघताना डॉक्टरांनी मिस्त्रीला दम भरला. उंचावर चढायचं असेल तर आधी यंत्रावर साखर बघायची, त्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. मिस्त्रीने मान हलवली. मान हलवण्यात दोघं नवराबायको सारखेच तयार होते.

परतीच्या वाटेभर तिने काडी रुमालात बांधली, सोडली, पुन्हा बांधली. अंगणात शिरल्यावर मिस्त्री म्हणाला, "काडी माझी, हात तुझा. चूक अर्धी अर्धी वाटून घेऊ."

"थट्टा सुचतेय तुम्हाला! मेला असतात माझ्या हाताने."

"मेलो नाही ना?"

"मी आता सुईला हात लावणार नाही. सांगून ठेवते."

रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. या माणसावर तिचा फार जीव होता. भांडखोर, हट्टी, घोरणारा, पण तिचा होता. बोलून दाखवायची वेळ कधी आली नव्हती, आणि आली ती अशी.

निरोप मिळाला तशी सकाळी पहिल्या गाडीने सून आली. मुलगा ट्रक घेऊन लांब गेला होता, म्हणून ती कारखान्यातून रजा काढून एकटीच आली. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कामाला होती; मापाच्या रेघा आणि सुया तिच्या रोजच्याच. आल्या आल्या तिने पिशवी ठेवली, हात धुतले, नळी भरली आणि मिस्त्रीला काही कळायच्या आत टोचून मोकळी झाली.

"झालं?" मिस्त्रीने एक डोळा उघडला.

"झालं, बाबा."

"हिच्यापेक्षा हात हलका आहे तुझा."

कोपऱ्यात बसलेल्या मिस्त्रिणीला हे लागायला हवं होतं, पण तिला बरंच वाटलं. आपला हात जड ठरला म्हणजे आपोआप सुटका.

सुनेला मात्र सुटका द्यायची नव्हती. दुपारी तिने दोघांना समोर बसवलं. एक जुनी बारीक नळी, एक नवी जाड, एक भांडंभर पाणी आणि दोन चमचे. "बाबा, तुमची काडी लावा. दोन्हीत पाणी भरा. तुमच्या हाताने."

मिस्त्रीने लावली. दोन्ही नळ्यांत पाणी काडीइतकंच, केसाचाही फरक नाही. त्याने विजयाने वर बघितलं. "घे. मी काय सांगत होतो?"

"आता एकेका चमच्यात सोडा."

बारीक नळीतलं पाणी चमच्याच्या तळाशी थोडंसं साचलं. जाड नळीतलं त्याच्या दुप्पट. मिस्त्री दोन्ही चमच्यांकडे बघत राहिला. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. तेच. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"बारीक वासा आणि जाड वासा," तो स्वतःशीच पुटपुटला. "लांबीला सारखे. म्हणून काय वजनाला सारखे? हे मला... मला सांगावं लागतं?" तो उठून मागच्या अंगणात गेला आणि उगाचच एका फळीवर रंधा मारत बसला. सून त्याच्या मागे जाणार होती. मिस्त्रीण म्हणाली, "राहू दे. फळी संपली की येतील."

फळी संपली तसा तो आला. "शिकव," म्हणाला. "त्या रेघा शिकव."

शिकवणं सोपं नव्हतं. मिस्त्रीला प्रत्येक रेघ सुटी सुटी मोजायची होती, आणि मधेच लंब्या कामाचं विचारायला आला की तो मोजणी विसरायचा. मग सगळं पहिल्यापासून. मिस्त्रिणीला लवकर आलं. मोठी रेघ म्हणजे दहा, दुसरी मोठी म्हणजे वीस, काळ्या रबराची कड त्या रेघेवर टेकली पाहिजे. तिला येतंय आणि आपल्याला नाही, हे मिस्त्रीला फार झोंबलं. तो फुगून बसला. "मी उंचावरचं बघतो, ही घरातलं बघेल," असा कायदाही त्याने काढून बघितला. सून म्हणाली, "बाबा, उंचावर आई येणार आहे का यंत्र बघायला?"

कपाटातलं यंत्र बाहेर आलं. ते बघून मिस्त्रीण म्हणाली, "पाच आणि आठ आले तर जास्त ना? आणि एक, दोन, शून्य आले तर कमी. एक-दोन-शून्य केवढे लहान!"

सुनेने कपाळावर हात मारला नाही, हा तिचा मोठेपणा. तिने अंगणातले खडे आणून ठेवले, दहा-दहाच्या ढिगांनी. अठ्ठावन्नला ढीग पाच आणि वर आठ खडे. एकशे वीसला ढीग बारा. मिस्त्रीण ढिगांकडे बघत राहिली. "म्हणजे पहिला एक हा साधा एक नाहीच. शंभराचा धनी आहे."

"बरोबर. बाकीचं हळूहळू येईल. आत्ता एवढंच धरा. दोन आकडी आलं की खायचं आणि चढायचं नाही. तीन आकडी आणि पहिला एक, तर चढा. पहिला दोन किंवा तीन दिसला तर सिस्टरना विचारा."

"दोन आकडी खाली, तीन आकडी वर," मिस्त्री म्हणाला. "हे चांगलंय. हे कामाचं आहे."

त्याने ते घोकलं. जेवताना, दाढी करताना, अगदी कोंबड्यांना दाणे टाकतानाही. सून मिस्त्रिणीच्या हातात रोज नळी द्यायची आणि मिस्त्रीण रोज ती अचूक भरायची. पण टोचायची वेळ आली की नळी सुनेकडे परत. भरता येत होतं, वाचता येत होतं. हातच पुढे जात नव्हता.

दरम्यान गोठ्यावर काम पुढे सरकत होतं. मिस्त्री यंत्र खिशात घालून जायचा आणि तीन आकडी दिसल्यावरच शिडीला हात लावायचा. मिस्त्रीण बरोबर जायची आणि शिडीच्या बुडाशी बसून राहायची, सकाळपासून काम सुटेपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणायची, सावली चांगली आहे. छप्पर नसलेल्या गोठ्यात कसली सावली! मिस्त्री वरून बघायचा, चिडायचा आणि पुन्हा ठोकायला लागायचा. त्याची शीळ बंद झाली होती. पत्रेवाले येऊन आवारात मापं घेऊन गेले होते, आणि मालक ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगत होते.

आढं चढवायचा दिवस ठरला, आणि नेमकी त्याच दिवशी पहाटेच्या गाडीने सून परत गेली. रजा संपली होती. जाताना ती सासूच्या पाया पडायला वाकली आणि वाकता वाकता म्हणाली, "आई, वीस म्हणजे वीस. तुम्हाला माझ्याइतकंच येतंय."

ती गेली. खाटेवर मिस्त्री सदरा वर करून बसला. मिस्त्रिणीने यंत्र बघितलं. "एक, तीन, एक. एकशे एकतीस." मग नळी भरली. रबराची कड वीसच्या रेघेवर आणली. आणि नळी त्याच्यापासून लांब धरून ती मागे सरली.

"नाही होत माझ्याच्याने. सिस्टरकडे जाऊ."

"दवाखाना उघडेपर्यंत दोर ओढणारे निघून जातील," मिस्त्री म्हणाला. मग हात पुढे करून, "आण इकडे. मी पण बघतो."

आणि त्या माणसाने, ज्याने आजवर सुईसमोर एकदाही डोळे उघडले नव्हते, तिचं मनगट धरलं, नळी उजेडाकडे केली आणि रेघा मोजल्या. ओठ हलत होते. "दहा... वीस. कड वीसवर आहे. वीसच आहे ना?"

"वीसच."

"मग खोच. मी बघतोय."

तिने टोचलं. तो बघत राहिला, चेहरा पांढराफटक पडला, पण डोळे मिटले नाहीत. नंतर ताट वाढून ती पाणी आणायला गेली, आणि येऊन बघते तो ताट रिकामं आणि मिस्त्री अवजारांची पेटी खांद्यावर टाकून निघालेलासुद्धा.

गोठ्यावर माणसं जमली होती. आढं खाली तयार होतं, दोर बांधलेले. आभाळ भरून येत होतं आणि मालक आभाळाकडे आणि मिस्त्रीकडे आळीपाळीने बघत होते. लंब्या दुसऱ्या टोकाला आधीच वर चढून बसला होता. आढ्याचं मधलं कूस, म्हणजे तासून बाहेर काढलेलं टोक, खाचेत बसवणं हे मिस्त्रीचंच काम. तिथे दुसऱ्या कुणाचा हात चालत नव्हता.

मिस्त्री वैरणीच्या भाऱ्यांमागे गेला. चारचौघांत बोट टोचून घ्यायची त्याला लाज वाटायची. मिस्त्रीण शिडीजवळच्या तिच्या जागेवरून बघत होती. तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा यंत्र खिशात होतं. तो सरळ शिडीपाशी आला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"चला रे, धरा दोर!" मालक ओरडले.

मिस्त्रीचा पाय पायरीवर तसाच होता. मग त्याने तो खाली घेतला.

"अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला.

"काय अठ्ठ्याऐंशी?"

"साखर, मालक. दोन आकडी आहे. मी आता चढत नाही. जेवतो, थांबतो, मग बघू."

माणसांत कुजबुज झाली. "मिस्त्री, आभाळ बघा जरा!" मालकांचा आवाज चढला. "दोन आकडी काय, तीन आकडी काय! पत्रेवाल्यांना ही असली नाटकं लागत नाहीत."

मिस्त्रिणीला मालकांचं काही ऐकू येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: आज मी टोचलं, आणि आज दोन आकडी. पुन्हा माझाच हात. ती भिंतीला धरून उभी राहिली. तिचा चेहरा मिस्त्रीला दिसला. तो मालकांना सोडून तिच्याकडे वळला, पण बोलला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हिच्या हातात चूक नाही. वीस म्हणजे वीस भरलं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. मी ताटातलं अर्धं कोंबड्यांना घातलं. घाई होती म्हणून. हिला कळू नये म्हणून ताट पुसून ठेवलं."

दोर धरलेल्यांपैकी एक जण हसला, मग सगळेच. लंब्या वरून म्हणाला, "तरीच कोंबड्या गुबगुबीत दिसतात!" मिस्त्रीही ओशाळं हसला. आपली चूक या माणसाने चार माणसांत कबूल केलेली कुणी कधी ऐकली नव्हती. मिस्त्रिणीने तर घरातही ऐकली नव्हती.

"डबा आण," तो म्हणाला.

तो ओंडक्यावर बसला आणि सगळ्यांच्या देखत जेवला. दूध प्यायला, केळं खाल्लं, शेवटी डब्याच्या कडेला लागलेलं बोटाने पुसून खाल्लं. मालक येरझाऱ्या घालत होते. दोरवाले दोर सोडून बसले. अंगावर दोन-चार थेंब पडले तसे मालक काही बोलायला वळले, पण मिस्त्रिणीने त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत येरझाऱ्या घालायला लागले. थेंब थांबले.

या वेळी मिस्त्री भाऱ्यांमागे गेला नाही. ओंडक्यावर बसूनच त्याने बोट टोचलं, थेंब दिला आणि यंत्र न बघताच बायकोपुढे धरलं.

तिने वाचलं. सुटे आकडे नाही, एका दमात. "एकशे सव्वीस."

"मग?"

"मग काय? जा."

तो चढला. दोर ताणले गेले, माणसांनी एका सुरात हाकारा दिला, आढं डुलत डुलत वर गेलं. मिस्त्री वाशांच्या मधे मांड ठोकून बसला, त्याने एका हाताने तुळई खाचेकडे वळवली आणि मोगरीचे तीन ठोके घातले. कूस आत बसल्याचा आवाज खालपर्यंत आला. मालकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि गाईंकडे निघून गेले.

काम अजून बरंच होतं. खिळे मारायचे, वासे जोडायचे. मिस्त्रीण शिडीच्या बुडाशी बसायला खाली वाकली, तेवढ्यात वरून हाक आली. बघते तो मिस्त्री आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसलेला, बोट तोंडात, दुसऱ्या हातात यंत्र.

"अगं ए! एकशे अठरा!"

अख्ख्या आवाराने ऐकलं. गडी थांबून वर बघायला लागले. लाजून तिचा चेहरा लाल झाला आणि डोळे भरून आले. यापेक्षा गोड शब्द त्याने तिला कधी ऐकवला नव्हता.

"ऐकलं!" ती ओरडली. "आता कामाकडे बघा!"

वरून शीळ ऐकू आली. मिस्त्रिणीने रिकामा डबा उचलला, डोळे पुसले आणि त्याला आढ्यावर सोडून घरची वाट धरली. मागे वळून तिने एकदाही बघितलं नाही.